उठलो, तर

“आज मी उठलो, तर हे घर मी पुरं करणार. आणि यापुढची सगळी कामंही मीच बघणार,” बाबा म्हणाले आणि आत जाऊन खुर्चीत बसले. लेकीने दार ओढून घेतलं. बाहेर पॅसेजमध्ये ती नखं कुरतडत उभी राहिली.

घरं सजवून द्यायच्या त्यांच्या धंद्यातली ही आजोबांपासूनची रीत. खोली सजवून झाली की घरातल्या मोठ्या माणसाने तिच्यात एकट्याने बसायचं. हात शिवशिवले, काही सरळ करायला तो उठला, की काम राहिलंय समजायचं. कमी सामान, साधे रंग, डोळ्याला काही टोचता कामा नये; त्यासाठीच तर लोक यांच्याकडे यायचे. आणि बाबा? स्वतः सजवलेल्या खोलीतही त्यांचं बूड टिकत नसे. कारागिरांनी त्यांचं नाव ‘स्प्रिंग’ ठेवलं होतं. आई गेल्यापासून तर स्प्रिंगला रात्रीही चैन नव्हती. लेक शेजारच्या खोलीत त्यांच्या चपलांची फटफट ऐकत पडायची.

“अजून उठले नाहीत?” सुतारकाका कुजबुजले.

“नाही ना!”

“मग तोंड का उतरलंय तुझं?”

“बाबा, आणि उठत नाहीत? काका, इतकी वाट लागलीय की कुठून सुरुवात करावी तेच त्यांना कळत नसणार.”

तिला एकेक चूक दिसायला लागली. दिवा खिडकीला फार चिकटलाय. पडदा बोटभर लांब झालाय. भिंतीचा राखाडी तर नक्कीच उदास वाटत असणार. इतकी वर्षं ती बाबांच्या मागे टेप धरून फिरली, आणि एकटीने सजवलेलं पहिलंच घर असं हातचं जाणार! तिला रडू आलं. मग रागच आला. उठा ना एकदाचे, होऊन जाऊ दे काय ते!

शेवटी तिने दार ढकललं.

दिवा होता तिथेच होता. पडदाही. बाबांची मान खुर्चीच्या पाठीवर कलली होती. तोंड उघडं होतं आणि बारीक घोरणं चाललं होतं. पायातली एक चप्पल निसटून खोलीच्या मधोमध आडवी पडली होती.

सुतारकाका सवयीने ती उचलायला वाकले. लेकीने त्यांचा हात धरला.

“राहू द्या काका,” ती हळूच म्हणाली. “तिथेच बरी आहे ती.”