दोन टिकल्या

“मॅडम, ही बशी पण धुवायला घेऊ?” प्रयोगशाळेतल्या शेवंतामावशींनी विचारलं. “हिच्यात मधेच टक्कल पडलंय.”

हेमांगीने मान वर केली नाही. त्या काचेच्या बशीत वाढणारा जंतू तिच्या वडिलांच्या जखमेतून घेतलेला होता. वडील गेले, जंतू फ्रीजमध्ये जिवंत राहिला. त्याचं एक एन्झाइम औषधाचे तुकडे करायचं. ते एन्झाइम बंद पाडणारी रसायनं ती दोन वर्षं तपासत होती, आणि एकानेही जंतू मरत नव्हता.

काल वडिलांचं श्राद्ध उरकून ती थेट कामावर आली होती. रसायनात भिजवलेली कागदाची टिकली बशीत ठेवताना हात थरथरला आणि ती तुलनेसाठी ठेवलेल्या जुन्या औषधाच्या टिकलीशेजारीच पडली. दोघींत बोटभर अंतर हवं, हा नियम. म्हणून तिने बशी बाद केली होती.

“टक्कल कुठे, मावशी?”

“हे काय, दोन टिकल्यांच्या मधे.”

हेमांगी उठली. बशीभर जंतू माजला होता. फक्त त्या दोघींमधली नखाएवढी जागा स्वच्छ होती. रसायनाने एन्झाइम अडवलं होतं, आणि तेवढ्या जागेत वडिलांवर निकामी ठरलेलं औषध लागू पडलं होतं.

“चुकून झालं असेल,” मावशी म्हणाल्या.

“मग तीच चूक पुन्हा करून बघू.”

तिने बारा नव्या बशा मांडल्या. चिमट्याने पहिली टिकली ठेवली, आणि दुसरी तिच्या अगदी शेजारी. हात थरथरला नाही.