ऑलिव्हएवढं

मिसेस ब्लूमनी डब्यातलं एक ऑलिव्ह काट्यानं उचललं आणि बशीत ठेवलं. काळं, गुळगुळीत, बोराएवढं. त्याच्याशेजारी गुन्ह्याचा पुरावा होता : एक मिनी मार्शमेलो. पांढरा, मऊ, शेंगदाण्याहून जरासा मोठा.

शरयूबाई बशीकडे बघत नव्हत्या. त्यांची बॅग भरून दाराशी उभी होती. कालपासून त्यांनी या घरात पाण्याखेरीज काही घेतलं नव्हतं. सांगलीला जाऊन जगन्नाथशास्त्र्यांकडून प्रायश्चित्त घेईपर्यंत घेणारही नव्हत्या. प्रायश्चित्ताला पंचगव्य लागतं. सनीव्हेलच्या सुपरमार्केटात दूध नाना प्रकारचं मिळत असलं, तरी गाईकडचे बाकीचे जिन्नस मिळत नव्हते.

त्या अमेरिकेत आल्या होत्या लेकीच्या बाळंतपणाला. नीलाला नववा लागला होता. तिचं रडून झालं होतं. आता ती कोचावर बसून नुसती आईच्या बॅगेकडे बघत होती.

झालं होतं ते असं. आल्या आल्या शरयूबाईंना दुकानात ही पिशवी सापडली. पांढरे, हलके, गोड. ही बत्ताशांचीच अमेरिकन जात, असं समजून त्यांनी मायक्रोवेव्हशेजारच्या पितळी गणपतीला रोज एकाचा नैवेद्य दाखवायला सुरुवात केली. नैवेद्य दाखवून झाला की प्रसाद म्हणून तो स्वतःच्या तोंडात टाकायच्या. सगळं सुरळीत चाललं होतं. मग एकदा जेवताना जावयानं, प्रसन्ननं, आपली माहिती म्हणून सांगितलं, की यात जिलेटिन असतं आणि जिलेटिन जनावरांच्या हाडा-कातड्यापासून करतात. प्रसन्न चिपच्या कंपनीत इंजिनियर होता. अचूक माहिती तो योग्य आणि अयोग्य वेळी सारख्याच तत्परतेनं देत असे.

सासूबाईंचं तिकीट बदलायला निघालेला हाच प्रसन्न जिन्यात मिसेस ब्लूमना भेटला. त्या खालच्या मजल्यावर राहत. त्यांचे कैलासवासी यजमान ज्यू धर्मगुरू होते; खाण्यातलं काय चालतं, काय नाही, हे लोक त्यांना विचारायला येत. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. जिलेटिनचं नाव निघताच जुनं ओळखीचं माणूस दिसल्यासारखी मान हलवली, घरात जाऊन एक कापडी पिशवी घेतली आणि वर आल्या.

"हिब्रूत एक फार जुनं माप आहे," त्या म्हणाल्या. "कझाइत. म्हणजे ऑलिव्हएवढं. निषिद्ध ते निषिद्धच, कणभरही खाऊ नये. पण 'खाल्लं' असं म्हणायला एका बैठकीत निदान ऑलिव्हएवढं पोटात जावं लागतं. त्याहून कमी गेलं तर चूक झाली, पण खाणं झालं नाही."

प्रसन्ननं भाषांतर केलं.

"हे त्यांचं शास्त्र झालं," शरयूबाई म्हणाल्या. "आपलं नव्हे."

"आई, जिन्नससुद्धा इकडचाच आहे," नीला म्हणाली. "तुझ्या शास्त्रीबुवांनी मार्शमेलो बघितलाय का जन्मात? त्यांना आधी तो काय असतो इथपासून सांगावं लागेल."

शरयूबाईंनी पदर सावरला. "आणि देवाचं काय? त्याला रोज दाखवलाय."

"देव खातो?" मिसेस ब्लूमनी विचारलं.

"नाही. त्याला दाखवायचा. खायचा आपण."

"मग त्यांचं नाव यातून वगळू."

प्रसन्ननं आतून बारीक मापं घ्यायचा कॅलिपर आणला, दोन्ही वस्तू मोजल्या आणि ऑलिव्ह निर्विवाद मोठं असल्याचं जाहीर केलं. नीलानं मोठा सुस्कारा सोडला. खरं तर विषय इथे संपायला हवा होता. पण शरयूबाईंचा चेहरा उजळला नाही. त्या भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत राहिल्या.

"प्रसन्नराव, बाईंना एक विचारता का? समजा कुणी... दुपारचं, घरात सगळे झोपलेले असताना, टीव्ही बघता बघता... मूठभर खाल्ले, तर?"

"कुणी?" नीला म्हणाली.

"समजा म्हटलं ना गं."

प्रसन्ननं पदरचं काहीही न घालता भाषांतर केलं. मिसेस ब्लूमची पापणीही लवली नाही. त्यांनी पहिल्या डब्यावर झाकण ठेवलं. त्यावर 'मीडियम' असं लिहिलं होतं. मग पिशवीतून दुसरा डबा काढला. कॅलिफोर्नियात ऑलिव्ह आकारानुसार विकतात आणि या डब्यावर 'सुपर कोलोसल' असं लिहिलं होतं. त्यातून निघालेलं ऑलिव्ह लहानशा लिंबाच्या तोडीचं होतं. मग त्यांनी मूठभर मार्शमेलो घेतले आणि ओलं फडकं पिळावं तसे दाबले. त्यांचा एक केविलवाणा गोळा झाला.

"बाकीची हवा," त्या म्हणाल्या. "हवा मापात धरत नाहीत."

गोळा ऑलिव्हशेजारी बसला. कुठलं मोठं, ते सांगणं कठीण होतं. सगळ्यांनी प्रसन्नकडे पाहिलं. प्रसन्ननं कॅलिपर उघडला, क्षणभर धरला आणि आयुष्यात पहिल्यांदाच न मोजता मिटून खिशात टाकला.

"ऑलिव्ह मोठं आहे, आई," तो म्हणाला.

शरयूबाई उठल्या. दाराशी जाऊन त्यांनी बॅग आडवी केली, उघडली, कपड्यांच्या तळातून डिंकाचा पुडा काढला आणि ओट्यावर नेऊन ठेवला.

"कुकर लावते," त्या कुणाकडेही न बघता म्हणाल्या. "बाईंना म्हणावं, जेवूनच जा."

मिसेस ब्लूमचं जेवण झालेलं होतं. प्रसन्न त्यांना सोडायला जिन्यापर्यंत गेला. त्याला राहवेना.

"तुम्ही घरूनच दोन डबे घेऊन आलात. आई तर रोज एकच म्हणाल्या होत्या. तुम्हाला आधीच कसं कळलं?"

"माझ्या नवऱ्याला विचारायला लाजणाऱ्या सगळ्या बायका जन्मभर माझ्या स्वयंपाकघरात आल्या," मिसेस ब्लूम कठडा धरून उतरता उतरता म्हणाल्या. "प्रत्येकीनं एकच खाल्लेला असायचा. एकच खाल्लेली मला अजून भेटायची आहे."