विझवलेली शेगडी

बाळाला न्हाऊ घालायला आलेल्या हौसाक्कानं खाटेखालची शेगडी पदरानं धरून उचलली आणि अंगणात नेऊन तिच्यावर बादलीभर पाणी ओतलं. मग आत येऊन ती खिडकीच्या फटींत कोंबलेल्या चिंध्या ओढून काढू लागली.

सुंद्राबाईच्या तळपायाची आग मस्तकात गेली. पहिलावहिला नातू, आठ दिवसांचा जीव, बाहेर कडाक्याची थंडी. त्याला ऊब राहावी म्हणून ती पहाटेपासून निखारे फुलवत बसली होती. न्हाऊ घालायला ठेवलेली बाई, ही कोण आपल्या घरातला विस्तव विझवणारी?

“डोकं फिरलं का आक्का तुमचं? पोराला मारायला निघालात?”

“कोंडलेल्या खोलीत कोळसा हवा खातो. एक दुपटं घाला आणि त्याला आईच्या कुशीत द्या. तेवढी ऊब पुरते.”

“हे तुम्ही सांगताय? तुमचीच नात गेल्या पौषात थंडीनं गेली ना? तेव्हापासून गावातल्या एकाही बाळंतिणीची शेगडी आम्ही विझू दिलेली नाही!”

शेवटची चिंधी हौसाक्काच्या हातातच राहिली.

“थंडीनं गेली, असं मी गावाला सांगितलं,” ती म्हणाली. “दार-खिडक्या लावून तिच्या खाटेखाली शेगडी मीच ठेवली होती.”