पुढच्याचा माग

गोठलेल्या तळ्याला वळसा न घालता ते मधूनच ओलांडलं, तर रेइनोचा अर्धा तास वाचणार होता आणि आईच्या हातचं माशाचं सूप गरमागरम मिळणार होतं. मध्ये खालून नदी वाहते, तिथला बर्फ भरवशाचा नाही. त्यानं बर्फावर धावणारी स्नोमोबाइल सुसाट काढली नि घर गाठलं.

"मधून आलास? अक्कल गहाण टाकलीस का रे?"

"पोहोचलो ना? तुझा घाबरट नवरा येईल सावकाश, लाकडं ओढत. त्याला सांग, सूप संपलं."

आईच्या हातातली पळी थांबली. "या धुक्यात त्यांना वाट कुठली दिसतेय? तुझ्या मागावरूनच येतात ते. पुढचा गेला म्हणजे बर्फ पक्का, असंच धरून."

दोघं धावले. रेइनोच्या मागावरून आलेला दुसरा माग, ओझ्यानं खोल रुतलेला, मधल्या भगदाडापाशी संपला होता.

अर्धा तास वाचला तो रेइनोचा. त्याची भरपाई बाप करून गेला.