तिसरा डोंगर

शुहेइने तिसऱ्यांदा मोजले. दुकानामागे डोंगर दोनच होते. हातातल्या चित्रात तीन.

बाकी सगळे जुळत होते. गंजलेली पत्र्याची पाटी, तिच्यावरचा माशाच्या आकाराचा डाग, चार फळ्यांचे बाकडे. चित्र एका ॲनिमेतले, म्हणजे जपानी कार्टून मालिकेतले होते; तिच्या शेवटच्या भागात नायिका याच बाकड्यावर बसून गोटी सोडा पिते आणि मालिका संपते. गेली बारा वर्षे देशभरातून चाहते इथे येत. चित्र डोळ्यांसमोर धरत, पावलापावलाने मागेपुढे सरकत आणि कोन जुळला की फोटो काढत. डोंगर मोजायच्या भानगडीत कोणी पडत नसे. शुहेइ पडला. मालिकांमधल्या साठ-सत्तर जागा त्याने पालथ्या घातल्या होत्या आणि एक फांदी इकडची तिकडे झालेली त्याला खपत नसे. खोटी जागा उघडी पाडणारा म्हणून चाहत्यांमध्ये त्याचा दरारा होता. खरे सांगायचे तर तो त्याला फार आवडत असे.

"जुळलं का रे?" दुकानाच्या मालकीणबाई, किनुएआजी, आतून म्हणाल्या. पंच्याहत्तरी उलटलेल्या आजी हा प्रश्न प्रत्येकालाच विचारत. मघाशी दोन पोरी "अगदी तसंच आहे!" म्हणून चिवचिवल्या तेव्हा त्यांचा चेहरा नुसता उजळला होता. गिऱ्हाईक म्हटल्यावर उजळणारच, असे शुहेइला वाटले.

"नाही जुळलं," तो म्हणाला. "आजी, ती जागा ही नाहीच. पाटी, बाकडं कुणीतरी मागाहून आणून मांडलंय. मी आजच सगळ्यांना कळवणार आहे."

आजी रागावल्या नाहीत. बाटल्या पुसायचे फडके त्यांनी खाली ठेवले. "मीच मांडलंय. चल, दाखवते."

दुकान तसेच उघडे टाकून त्या मागच्या झाडीतल्या पायवाटेने निघाल्या. चढण संपली आणि एकदम पाणी आले. धरणाचे पाणी, हिरवे, इतके शांत की ढग त्यात येऊन थांबल्यासारखे वाटत होते. पलीकडे डोंगर उभे होते. एक, दोन, तीन. शुहेइने नकळत चित्र वर धरले. तिन्ही शिखरे ओळीने बसली, फक्त जरा बुटकी दिसत होती.

"तू उंचावर उभा आहेस ना, म्हणून," आजी म्हणाल्या. "जुन्या दुकानापाशी उभं राहायचं तर चाळीस मीटर खाली उतरावं लागेल. त्या मालिकेचे चित्रकार फोटो काढून गेले आणि पुढच्या वर्षी आमचं गाव बुडालं. पाटी आणि बाकडं तेवढं मी वर आणलं. येताना एक फळी मोडली, ती नवी घातली."

"मग लोकांना सांगत का नाही?"

"एकाला सांगितलं होतं. तो पाण्याकडे बघत हात जोडून उभा राहिला, मेलेल्या माणसापुढे राहतात तसा. तू कळवलंस की सगळे तसेच उभे राहतील. न सांगितलं तर म्हणतात, अगदी तसंच आहे." आजी पाण्याकडे वळल्या. "गावची माणसं एकेक करून गेली रे. हे मला आता दुसरं कोण म्हणणार?"

पाण्यावरून वारा आला. शिखरांची प्रतिबिंबे हलली, विस्कटली, पुन्हा जागेवर आली. शुहेइला स्वतःची लाज वाटली. त्याने घडी घालून चित्र खिशात ठेवले.

परतल्यावर आजींनी गोटी सोड्याची बाटली फोडून त्याच्या हातात दिली. तो बाकड्यावर बसला, नव्या फळीवर.

"जुळलं का रे?" आजींनी विचारले, नेहमीसारखे, पण या वेळी श्वास रोखून.

आयुष्यात पहिल्यांदाच शुहेइने डोंगर मोजले नाहीत.

"अगदी तसंच आहे, आजी."