हाताची पारख

"यांना मधुमेह आहे, जंतूंना मोकळं रान मिळतं," गुडघा बदलल्यावर बायकोला घरी सोडताना डॉक्टर इस्त्रीवाल्याला म्हणाले होते. "रोज दोन्ही गुडघ्यांना हात लावून बघा. नवा थोडा गरम लागेलच. पण दोघांतला फरक वाढला, की असाल तसे या."

तेव्हापासून त्याचा जीव टांगणीला लागला होता. सकाळी उठला की चूळही न भरता तो बायकोच्या पायाशी बसायचा. एक तळवा नव्या गुडघ्यावर, एक जुन्यावर. चाळीस वर्षं इस्त्री धरून त्याचे तळवे राठ झाले होते, पण फरक त्यांना बरोबर कळायचा.

विसाव्या दिवशी त्याने हात ठेवले, अदलाबदल करून पुन्हा ठेवले आणि त्याचा चेहरा खुलला.

"अगं, फरकच राहिला नाही! दोन्ही अगदी सारखे. सुटलो बाई एकदाचे!"

"बरं झालं हो," ती म्हणाली. तिचे दात वाजत होते. "आता ते पांघरूण घाला बघू अंगावर. भर उन्हाळ्यात ही कसली मेली थंडी!"

त्याचे हात होते तिथेच राहिले. आज जुना गुडघाही नव्याइतकाच तापला होता.