अंधाराचं बक्षीस

पालिकेच्या गच्चीवर सगळी मंडळी अंधाराची वाट बघत उभी होती. महापौरांनी स्वतः उलटी मोजणी केली, 'शून्य' म्हणाले, आणि शहर खरंच विझलं. दुकानं गेली, पूल गेला, मैदानाभोवतीचे दिवे गेले. गच्चीवर "वा, वा!" झालं. फोटोग्राफर म्हणाला, "आता फोटो कशाचा काढू? काहीच दिसत नाही." सगळे हसले.

हिरवीबाई हसली नाही. ती पर्यावरण विभागाची प्रमुख. वीज वाचवायला सगळ्यांनी तासभर आपापले दिवे मालवायचे, हे तिच्याच डोक्यातून निघालेलं, आणि असल्या उद्योगांमुळेच कचेरीत तिला हे नाव पडलेलं. सगळ्यात काळोख्या इमारतीला बक्षीस, हीसुद्धा तिचीच कल्पना. आता ती मैदानापलीकडे बघत होती. तिथल्या एका इमारतीत, वरच्या मजल्यावर, एक खिडकी अजून उजळलेली होती.

खिडकी तिच्याच घराची. आत तिचे बाबा झोपले होते. नाकाला नळी, नळीच्या टोकाला ऑक्सिजनचं मशीन, आणि मशीन घरच्या विजेवर. शेजारी सिलेंडर होता, पण त्याची चावी म्हाताऱ्या बोटांना हलायची नाही. खोलीतला दिवा दिसतोय तोवर वीज आहे, आणि वीज आहे तोवर मशीन चालू आहे. निघताना तिने तो दिवा मुद्दाम लावून ठेवला होता.

फोन थरथरला. बाबांजवळ बसवलेल्या शेजारच्या काकूंचा निरोप होता. 'सगळे अंगणात तारे बघायला जमलेत. मीपण जरा खाली आलेय. बाबा झोपलेत. काळजी करू नकोस.'

काळजी करू नकोस! असं कुणी म्हटलं की हमखास काळजी सुरू होते. तिने लगेच काकूंना फोन लावला. काकू उचलतील तर शपथ. तारे बघत असणार.

"ती कोणाची हो खिडकी?" आयुक्तांचं लक्ष गेलंच. "अख्खं शहर अंधारात, आणि हा एकटा शहाणा उजेड पाडतोय!"

घासात खडा लागावा तशी ती खिडकी आता सगळ्यांनाच टोचायला लागली. घरात आजारी माणूस असेल तर त्या घराला सूट द्यावी, असं हिरवीबाईने बैठकीत सुचवलं होतं. आयुक्तांनी ते तिथेच उडवून लावलं. "सूट दिली की घरोघरी आजारी माणसं निघतात, मॅडम." सगळे हसले होते. तीही हसली होती. आता कुठल्या तोंडाने सांगणार, की पहिलं आजारी माणूस माझ्याच घरी निघालं? आपलेच दात, आपलेच ओठ.

"आत्ता बंद करतो, साहेब," वॉर्ड ऑफिसर म्हणाला. त्याने इमारतीच्या रखवालदाराला फोन लावलासुद्धा. "अरे, तुमच्या इकडे वर एक दिवा दिसतोय. बक्षीस नकोय का तुम्हाला? ...सगळे खालीच आहेत ना? मग अडचण कुणाची? मेन स्विच बंद कर सरळ."

"अहो, थांबा," हिरवीबाई म्हणाली. त्याच्या बोलण्यात ते कुणाला ऐकूच गेलं नाही. तिने पुन्हा तोंड उघडलं. "साहेब, ते माझं..."

खिडकी गेली.

गच्चीवर टाळ्यांचा कडकडाट झाला. महापौरांनी अंदाजाने हात पुढे केला. "अभिनंदन, मॅडम! शंभर टक्के!"

तिने तो हात झिडकारला आणि वॉर्ड ऑफिसरचा फोन हिसकावून घेतला. "चालू कर! आधी मेन चालू कर! वर माझे बाबा आहेत, मशीनवर आहेत!"

टाळ्या थांबल्या. पलीकडे पोराबाळांचा नुसता गलका चालला होता. त्यातून रखवालदाराचा खूश आवाज आला. "कोण, पालिकेच्या मॅडम का? बघितलंत ना? एक दिवा ठेवला नाही! बक्षीस आपलंच हं!"

"अरे, बाबा आहेत वर! मेन लाव!"

"हॅलो? इथे फार आवाज आहे, मॅडम. काय म्हणालात?"

फोन तिने तसाच आयुक्तांच्या छातीवर ढकलला आणि जिन्याकडे धावली. लिफ्ट तिनेच बंद ठेवायला लावली होती. खाली, खोल कुठेतरी, तिच्या चपलांचा आवाज धडपडत गेला.

"मेन चालू करा! ऐकताय का? मेन!" आयुक्त फोनवर ओरडत राहिले. आयुष्यात पहिल्यांदाच त्यांचं कुणी ऐकत नव्हतं.

बाकी सगळे कठड्याला पोट टेकवून मैदानापलीकडे डोळे फाडून बघत होते. मघाशी हीच मंडळी एका दिव्यावर चिडली होती.

"लागला का?" महापौरांनी हळूच विचारलं.

'नाही' म्हणायला कुणी धजेना.